कानामागची पहारेकरीण

मित्रांनो, मी एक जुनी टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणारी पांढरी पेशी आहे. करडी गावातल्या लाली नावाच्या डुकरिणीच्या रक्तात फिरते. डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मला कुणी विचारतही नाही. असो!

मी हाडांच्या मज्जेत जन्मले आणि गळ्याजवळच्या थायमस ग्रंथीत शिकले. बाई गं, काय कडक ती शाळा! जी पेशी आपल्याच अंगावर धावून जाई, तिला तिथंच संपवत. मोजक्याच पास झालो. आमच्यातल्या मारक पेशी विषाणू शिरलेल्या पेशीला ठार करतात. आवर घालणाऱ्या पेशी लढाई वेळेवर थांबवतात. गॅमा-डेल्टा नावाच्या बहिणी तर माणसापेक्षा डुकरांत कितीतरी जास्त. मी मदतनीस, हाक देऊन फौज उठवते.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी लालीच्या कानामागे स्वाइन फीवरची, म्हणजे डुकरांच्या जीवघेण्या तापाची, लस टोचली. लशीत त्या विषाणूचा दुबळा भाऊ होता. त्याचा चेहरा मी नीट लक्षात ठेवला.

लालीची मालकीण रत्नमालाबाई लग्नातलं उरलेलं अन्न उकळूनच डुकरांना घाले. या उन्हाळ्यात तिच्या नवऱ्याला, बाबुलालला, घाई झाली.

"अवो, उकळू द्या नं! कच्चं नोका घालू!" ती ओरडली.

"एक डाव घातलं तं का होते?" म्हणत त्यानं बादली ओतलीच. मी तेव्हा कानाच्या शिरेत होते, सगळं ऐकलं.

काही दिवसांतच त्या बादलीतल्या कच्च्या राहिलेल्या डुकराच्या मांसातून तो विषाणू आला. दुबळा भाऊ नव्हे, खरा! मी लगेच ओळखलं. जीव तोडून हाका मारल्या. मारक पेशी धावल्या. लालीचं अंग तापलं, तिनं खाणं सोडलं. रत्नमालाबाई तिच्या पाठीवर ओलं पोतं टाकून म्हणे, "ऊठ वो माय!" माझ्या कितीतरी बहिणी कामी आल्या. चौथ्या दिवशी लाली उठून पाणी प्यायली.

पण तिची पाच पिल्लं? त्यांनीही त्याच बादलीतलं खाल्लं होतं. आईच्या दुधाचं बळ ओसरलेलं, आणि लस "पुढच्या सोमवारी" म्हणत राहून गेलेली. त्यांच्या पेशी शूर होत्या हो! त्यांना चेहरा कुणी दाखवलाच नव्हता. माझ्यापाशी ओळख होती, पण लालीच्या कातडीपलीकडे मी जाणार कशी? पंधरा दिवसांत एकही पिल्लू उरलं नाही.

आता बाबुलाल स्वतः चूल पेटवतो आणि उकळी फुटेपर्यंत तिथून हलत नाही. मित्रांनो, लढायला आम्ही आहोतच. फक्त शत्रूचा चेहरा वेळेवर दाखवा. मी अजून जागी आहे. लाली मात्र रोज त्या रिकाम्या कोपऱ्यात जाऊन पिल्लांची जागा हुंगते.