उजवी बाही

मावशीने कचऱ्याच्या टोपलीत कोपरापर्यंत हात घातला. वर केळ्यांची सालं, त्याखाली ओले टिश्यू, कुणीतरी अर्धं चावून थुंकलेलं बिस्कीट, आणि या सगळ्यावर सांडलेला गोंद. दुसऱ्या कुणाला शिसारी आली असती. मावशीला आली नाही. अकरा वर्षं या बालवाडीत तिने शेंबूड पुसले होते, ओकाऱ्या भरल्या होत्या, चड्ड्या धुतल्या होत्या. लहान पोरांची घाण ही काय घाण असते का, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. तिला हवं होतं ते तळाशी सापडलं. लाल रंगातला हाताचा ठसा, कडेने पानासारखा कापलेला. मधोमध दुमडला होता, पण फाटला नव्हता. तिने तो एप्रनला पुसला, खिशात घातला, आणि मग मात्र तिला खरंच मळमळलं.

झालं होतं असं. सुट्टी लागण्याआधीचा शेवटचा दिवस, म्हणून पालक यायचे होते. मोठ्या वर्गाच्या भिंतीवर तपकिरी कागदाचं पानगळीचं झाड लावलं होतं, आणि त्याची पानं म्हणजे मुलांच्या हातांचे ठसे. काल मावशीने एकेका पोराचा तळवा लाल, पिवळ्या, नारिंगी रंगात बुडवून कागदावर दाबला होता. आज सकाळी मोठ्या बाई ते गठ्ठ्याने घेऊन बसल्या. बालवाडी त्यांचीच, त्यामुळे शेवटचा हात त्यांचाच. तसा पहिलाही त्यांचाच असायचा म्हणा. गेल्या थंडीत मुलांनी कापसाचे ससे केले, ते उंदरासारखे दिसतात म्हणून बाईंनी घरून पंचवीस ससे करून आणले, आणि मुलांचे ससे टोपलीत गेले. आया डोळे विस्फारून म्हणाल्या, अगबाई, हे आमच्या बाळाने केलं? बाई म्हणाल्या, हो, आम्ही फक्त गोंद दिला! ढळढळीत खोटं, आणि तेही गोड हसून.

गठ्ठ्यातलं एक पान बाईंनी दोन बोटांत धरून वर उचललं. मेलेलं झुरळ मिशीला धरून उचलावं, तसं.

"मावशी, हे काय?"

"भिंगरीचं पान."

"ते कळलं. पण हे भिंतीवर कसं दिसेल?"

"तिचा हात तसाच आहे, बाई."

"अहो, मला का माहीत नाही? पण फोटो निघणार, चार लोक बघणार. तिच्या आईला किती वाईट वाटेल! गोल्याचा हात छान गुबगुबीत आहे, त्याचा अजून एक घ्या. नाव मी घालते."

"पोरीला कळेल ना."

"चार वर्षांच्या पोरीला काय डोंबल कळतंय!"

आणि भिंगरीचं पान टोपलीत गेलं.

भिंगरी म्हणजे एका जागी टिकेल तर शपथ, म्हणून हे नाव मावशीनेच ठेवलेलं. तिच्या उजव्या हाताला जन्मापासून तीनच बोटं: अंगठा आणि दोन. त्या तीन बोटांनी ती मणी ओवायची, बुटाचे बंद सोडायची (स्वतःचेही आणि शेजाऱ्याचेही), आणि गोल्याला असा चिमटा काढायची की तो घंटाभर भोकाड पसरायचा. कुणी हाताकडे बघितलं तर ती तो आणखी जवळ नेऊन दाखवायची. काल ठसा उमटल्यावर ती वाकून वाकून बघत राहिली होती.

"मावशी, माझं पान पाखराचा पाय आहे!"

"आहे खरं."

"कुणाकडेच नाही असं. आईला दाखवणार मी. तू आधी सांगू नको हं!"

"मी कशाला सांगू? तोंडाला कुलूप."

हे सगळं आठवत असतानाही मावशीने गोल्याचा हात रंगात बुडवला होता, कागदावर दाबला होता, कात्रीने गोल कापला होता. "पुन्हा का?" असं गोल्याने विचारलं, तर "तुझा हात लाडका आहे म्हणून," असं बेधडक सांगितलं होतं. बाईंच्या खोटेपणाची तिला किळस होतीच. पण रंग तिच्या नखात होता. तीनदा साबण लावूनही निघाला नव्हता.

म्हणून तर टोपलीत हात घातला. बेत साधा होता. भिंगरीची आई आली की खरं पान सरळ तिच्या हातात द्यायचं. आईच ती, भडकेल, चार शब्द सुनावेल. बाईंचं ते गोड हसू जरा उतरलेलं बघायला मिळेल. मग नोकरी गेली तर गेली. पण भिंगरी झाडापुढे उभी राहून आपलं पान शोधणार आणि तिला ते सापडणार नाही, हे काही मावशीला बघवणार नव्हतं.

अकराच्या सुमाराला पालक आले. भिंगरीची आई सगळ्यांत शेवटी. औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहणारी बाई, कायम घाईत, कायम घड्याळाकडे नजर. भिंगरी धावत जाऊन तिला बिलगली आणि ओढत झाडाकडे घेऊन आली.

"आई, ओळख! माझं ओळख!"

स्वतःच मान उंचावून ती शोधू लागली. खालून वर, मग पुन्हा वरून खाली. मावशीचा हात खिशात गेला.

"हे बघा, इथे आहे," मोठ्या बाई पुढे आल्या. "किती सुरेख, नाही?"

आईने नाव वाचलं. मग पान बघितलं. एकेक बोट मोजावं तशी तिची नजर त्या ठशावरून फिरली. अंगठा, एक, दोन, तीन, चार. वर्गात एवढा गलबला, तरी मावशीला तिचा श्वास ऐकू आल्यासारखा वाटला. आता फुटेल, आता फुटेल, म्हणून तिने पान खिशातून अर्धं बाहेर काढलं.

आईचे डोळे भरले.

"बाई," ती हळूच म्हणाली, "हे मला घरी नेता येईल? सासूबाईंच्या खोलीत लावीन म्हणते."

"अहो, न्या की! आधी एक फोटो काढू."

"ते माझं नाही," भिंगरी म्हणाली.

"तुझंच आहे," आई म्हणाली. "नाव आहे ना तुझं?"

"माझं पाखराचं होतं. हा गोल्याचा हात आहे. मला माहितीये."

"गप गं. नीट उभी राहा."

आईने तिला झाडापुढे उभं केलं, केस सारखे केले, आणि मग अगदी सहज, रोजच्या सवयीने, तिच्या स्वेटरची उजवी बाही खाली ओढली. बाही सरसर उतरली. हात आत गेला. बोटांच्या पुढे चार बोटं लोकर उरली.

मावशीला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. ती बाही ती वर्षभर दुमडत आली होती. रोज हात धुताना तीन घड्या, आणि रोज मनातल्या मनात विणणारीला शिव्या. काय बाई ही, आई असून हाताला माप नाही, एक बाही आखूड आणि एक लांब! आणि भिंगरी दातांनी बाही वर ओढायची तेव्हा तिलाही ओरडा: शी! लोकर तोंडात घालू नये, घाण असते.

माप होतं. टाके मोजून घेतलेलं माप होतं.

"इकडे बघा, हसा!" मोठ्या बाई म्हणाल्या.

भिंगरी हसली नाही. ती बाहीच्या रिकाम्या टोकाकडे बघत होती. मग झाडाकडे. मग पुन्हा बाहीकडे.

मावशी मधे घुसली. फोटो गेला खड्ड्यात. गुडघ्यांवर बसून तिने ती बाही धरली आणि एक, दोन, तीन घड्या घातल्या. मग खिशातलं पान काढून भिंगरीच्या हातात दिलं. त्याला केळ्याचा वास येत होता.

"हे माझं!" भिंगरी किंचाळली. "आई, हे! बघ, पाय!"

आईने बघितलं. मग मावशीकडे बघितलं. ती नजर मावशीच्या चांगल्या ओळखीची होती. सकाळपासून हीच नजर ती स्वतः मोठ्या बाईंकडे टाकत होती.

"हे कशाला काढलंत?" आई इतक्या हळू म्हणाली की बाईंनाही ऐकू गेलं नसेल. "घरी काय ऐकावं लागतं, ते तुम्हाला नाही ऐकावं लागत."

मावशीने सकाळपासून घोकून ठेवलेलं सगळं दुसऱ्याच कुणासाठी होतं.

"मावशी," मोठ्या बाई हसू न सोडता म्हणाल्या, "जरा ऑफिसात या."

"येते. आधी टोपली रिकामी करते."

ती टोपली घेऊन पायरीवर आली. मायलेकी फाटकाकडे निघाल्या होत्या. आईच्या एका हातात गोल्याचं पान, गुंडाळी करून नीट धरलेलं. दुसऱ्या हातात भिंगरीचा डावा हात. नेहमी डावाच. भिंगरीच्या उजव्या हातात तिचं स्वतःचं पान फडफडत होतं. फाटकापाशी आई थांबली, वाकली, आणि तिन्ही घड्या सोडून बाही खाली ओढली. पान आत गेलं.

रस्त्यावर दहा पावलं झाली असतील. भिंगरीने आईकडे एकदा बघितलं, मान वळवली, बाहीचा काठ दातांत धरला आणि वर ओढला. एकदा. पुन्हा एकदा. पाखराचा पाय बाहेर आला.

शी म्हणायचं मावशीच्या तोंडावर आलं होतं. तिने ते गिळलं.