जाड

"जीभ दिखाइए," म्हणत शकुंतला एकेका खाटेशी थांबत होती. पाय मोडून आलेल्या म्हातारीलाही तिने सोडलं नाही.

"टाँग टूटी है हमाई, सिस्टर," म्हातारी म्हणाली, "जीभ तो बहू के लाने साबुत रखी है."

बायकांचा वॉर्ड हसला. झाशीच्या त्या इस्पितळात शकुंतलाला मागून 'जीभवाली सिस्टर' म्हणत. तिला ते ठाऊक होतं. नव्या मुली कारण विचारत, तेव्हा ती औषधांच्या ट्रेकडे वळे.

पौषातली सकाळ होती. कोपऱ्यातल्या खाटेवर रामकली आया दुसरं कांबळं घालत होती.

"अम्मा को जाड़ा लग रओ है, सिस्टर. दो कंबल डार दए, फिर भी जाड़-जाड़ लगा रखी है."

शकुंतला जागच्या जागी थिजली. हेच शब्द तिने एकदा फोनवर ऐकले होते.

कोपऱ्यातल्या हौसाबाई साताऱ्याकडच्या. बबिन्याच्या छावणीत लेक हवालदार, त्याच्याकडे आलेल्या. हिंदीचा गंध नाही. रक्तदाब वाढला म्हणून दाखल केलेल्या आणि कालच नवी गोळी सुरू झालेली.

शकुंतलाने दोन्ही कांबळी एका हिसक्यात काढली. हौसाबाईंचे ओठ फुगून आले होते.

"मावशी, काय जाड झालंय?"

आपली बोली कानी पडताच त्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. बोट तोंडाकडे गेलं. "जी...भ."

जीभ दातांबाहेर यायलाच तयार नव्हती. तोंडात मावत नव्हती.

"साहब को बुलाओ, रामकली. दौड़ के."

डॉक्टर हातातला चहा टाकून आले. "नई गोली कौन सी चल रही है?"

"कल से बीपी वाली, सर."

"वही है. गला बंद होने से पहले नली डालनी पड़ेगी."

नली गेली. गोळी कायमची बंद झाली. दुपारपर्यंत हौसाबाईंची छाती शांतपणे वरखाली होऊ लागली, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "इतनी जल्दी पकड़ा कैसे आपने?"

"पकड़ा नहीं, सर. उन्होंने बताया."

बडा बाजारामागच्या घरी शकुंतला पोचली, तेव्हा गच्चीवर ऊन कलायला आलं होतं. शकुंतलाच्या आईची, अम्माची, रजई कठड्यावर पसरून पुष्पा शेंगा सोलत बसली होती. पुष्पा तिची भावजय, चिरगावची. लग्नाला वीस वर्षं झाली, तरी मराठी स्वयंपाकघरापुरतीच. पोहे जाड असतात हे तिला माहीत होतं. जीभही जाड होते, हे तिला कुणी सांगायचं?

मागे एका हिवाळ्यात अम्मालाही अशीच नवी गोळी सुरू झाली होती. पुष्पाने वॉर्डात फोन केला होता, "जिज्जी, अम्माजी को जाड़ा लग रहा है. बस जाड़-जाड़ कह रही हैं." बाहेर धुकं होतं, थंडी होती. "रजई पांघरव नीट," शकुंतला म्हणाली होती, "मी येतेच." ती आली, अम्माच्या तोंडावरची रजई बाजूला केली, आणि अम्माला काय सांगायचं होतं ते तिला दिसलं. अम्मा तोवर गेली होती.

तेव्हापासून तो शब्द तिने या घरात उच्चारला नव्हता. वाण्याकडून पोहेसुद्धा ती पातळच आणायची.

"आज देर हो गई, जिज्जी?"

"एका बाईंना गोळी सोसली नाही."

"बच गईं?"

"वाचल्या."

"अच्छा हुआ." पुष्पाने सालं पदरातून झटकली आणि रजईवर हात फिरवला. "क्या हुआ था उन्हें? क्या कहती थीं?"

शकुंतलाने चपला काढल्या. एक इकडे, एक तिकडे पडली. तिने त्या पायानेच नीट जोडीने लावल्या.

"हिंदी येत नव्हती त्यांना," ती म्हणाली.

"हाय, परदेस में बेचारी." पुष्पाने उठून रजईची दोन टोकं धरली. "हमारी अम्माजी तो अपने घर में गईं. ठंड से नहीं गईं, जिज्जी. मैं खुद ओढ़ाए बैठी रही, किनारा तक नहीं उघड़ने दिया. इतना तो हुआ मुझसे."

शकुंतलाने रजईची पलीकडची दोन टोकं धरली.

"हो," ती म्हणाली. "तू होतीस म्हणून."

दोघींनी रजई झटकली, घडी घातली. उन्हाने ती आतपर्यंत तापली होती, नुकतंच कुणी उठून गेल्यासारखी. घडी छातीशी धरून जिना उतरताना शकुंतलाने रोजच्यासारखी आपली जीभ टाळूला लावून पाहिली.