येसूबाईची गोळी

दातिवऱ्यात येसूबाई आणि तिची धाकटी जाऊ झुंबर यांचं घर मुळात एकच. मधे भिंत घातली, पण मागची मोरी सामाईक राहिली, आणि भांडायला तेवढी पुरेशी होती. झुंबरचा नवरा विश्राम साखरेच्या आजाराने किडन्या जाऊन वारला, तेव्हा तेराव्याला येसूबाई चार बायकांत बोलून गेली, "दारू पिऊन सडला मेला." ते झुंबरने गिळलं नाही. तेव्हापासून दोघींचं बोलणं शिव्यांपुरतंच उरलं.

त्याला वर्ष झालं होतं. अठ्ठ्याण्णवच्या मार्चात एका सकाळी येसूबाई मोरीत लघवी करून बाहेर पडली, तर झुंबर बादली घेऊन दारातच उभी. तिने आत डोकावून पाहिलं.

"फेस बघ किती! साबन नाय न काय नाय. त्याला पन असाच यायचा. आता तुजी पाळी."

"तुज्या तोंडात किडे पडोत!" येसूबाई ओरडली.

येसूबाईला साखर होऊन अकरा वर्षं झाली होती. गोळी आठवली तर घ्यायची. घोटे सुजायचे, त्याचा दोष ती दिवसभर बाजारात बसण्याला द्यायची. पण झुंबरचं बोलणं कुसळासारखं टोचत राहिलं. तिला खोटी पाडायचीच, म्हणून येसूबाई एसटीने पालघरला गेली.

डॉक्टरांनी तिची लघवी काचेच्या नळीत घेऊन दिव्यावर धरली. वरचा भाग तापला आणि अंड्याच्या पांढऱ्यासारखा दाटून आला.

"हे तुमच्या रक्तातलं सत्त्व आहे, बाई. किडनीची गाळणी ते अडवून धरते. इतकी वर्षं साखर चढी राहिली, गाळणीवर आतून दाब पडला, ती सैल झाली. असंच गळत राहिलं तर गाळण्या एकेक करून बंद पडतात."

साखरेच्या गोळ्या वाढवून त्यांनी आणखी एक लिहून दिली. कंपाउंडर म्हणाला, ही प्रेशरची. येसूबाई उसळली, "मला प्रेशर नाय! उगाच काय पन खायला घालता?"

"ही किडनीतला दाब उतरवते," डॉक्टर म्हणाले. "गेलेलं परत येणार नाही, पण उरलेलं जास्त दिवस टिकेल. आणि गुडघ्यांसाठी मनाने घेता त्या गोळ्या बंद. खारंही बंद."

सुकी मासळी विकणारीला खारं बंद! येसूबाई दात-ओठ खात घरी आली.

गोळी सुरू झाली आणि तीन आठवड्यांत कोरडा खोकला लागला. बाजारात शेजारची बाई टोपली उचलून लांब बसली. गिऱ्हाइकं टीबीच्या भीतीने पुढे जाऊ लागली. एका दुपारी येसूबाईने गोळ्यांची पट्टी चुलीत टाकली. दहा-बारा दिवसांत खोकला गेला.

तेव्हा झुंबर तिच्या दारात येऊन उभी राहिली. वर्षात पहिल्यांदाच.

"गोळी सोडलीस ना?"

"तुला कोनी सांगितलं?"

"भिंतीतून ऐकू येतं. खोकला थांबला. त्याला पन त्या गोळीनं खोकला यायचा. तूच त्याला म्हनालीस, डाक्टर मारून टाकतील, झाडपाल्याचं औषध देनाऱ्याकडे जा. त्यानं ऐकलं तुजं."

"मी त्याच्या बऱ्यासाठीच—"

"शेवटी काय झालं ठाव हाय? मासळीच्या वासानं ओकायचा. जन्म दर्यावर काढलेला मानूस, तव्यावर बोंबील पडला की उठून बाहेर जायचा. अंग खाजवून खाजवून रक्त काढायचा. आनि तू म्हनालीस, दारूनं मेला."

येसूबाई चुलीकडे वळून राख सारू लागली.

"तू मेलीस तर मी रडनार नाय," झुंबर म्हणाली. "पन बोललीस ते चार बायकांत परत घे. मग काय मरायचं ते मर."

दुसऱ्या दिवशी बाजारात येसूबाई खाली मान घालून शेजारणींना म्हणाली, "विश्राम दारूनं नाय गेला. मी खोटं बोलले. त्याला गोळी सोडायला पन मीच लावली." झुंबर पलीकडेच बसली होती. तिने ऐकलं आणि गिऱ्हाइकाला बोंबील मोजून देत राहिली.

तिथून येसूबाई थेट पालघरला गेली. "खोकला येतो म्हनून सांगायचं तरी!" ती डॉक्टरांवर भडकली. डॉक्टरही चिडले, "येऊन विचारायचं तरी!" मग त्यांनी नवीच आलेली दुसरी गोळी दिली. तिने खोकला येत नव्हता.

पुढच्या वर्षी नळी पुन्हा दिव्यावर धरली, तेव्हा लघवी नुसती गढुळली, दाटली नाही. घोटे उतरले होते. रक्तातला किडनीचा आकडा मात्र थोडा चढलाच होता.

"म्हनजे बरी नाय झाले?"

"बरं होत नाही हे. घसरत होतं, ते हळू झालं. गोळी सोडाल तर पुन्हा वेगाने घसरेल."

एसटीत झुंबरही होती, मुलीकडून परतत होती. शेजारची जागा रिकामी असूनही ती उभी राहिली. येसूबाईनेही तिला बस म्हटलं नाही. पिशवीतली औषधं मांडीवर घट्ट धरून ती खिडकीबाहेर बघत बसली.