दंड धरा त्यांचे

"डोंगरातून घोडा आला गं एकला,
खोगीर ओलं, लगाम सुटला,
स्वार त्यानं कुठं ठेवला?"

कालमुर्झा म्हाताऱ्याचा तो आवाज बुरुलचाच्या कानात लहानपणापासून मुरला होता. बाप डोंगरात गेला, त्या दिवशी ती आईच्या घागऱ्याला धरून उभी होती. आईला काही कळायच्या आधीच सगळं गाव अंगणात जमलं होतं. दोघींनी दोन्हीकडून आईचे दंड घट्ट धरले होते आणि मगच म्हाताऱ्यानं ते गाणं सुरू केलं होतं. मरणाची बातमी एकट्या माणसाच्या अंगावर टाकायची नाही, ही तिथली रीत.

आज तोच आवाज तिला दगडांच्या माऱ्यात ऐकू येत होता.

पहिल्या दगडानं दवाखाना केलेल्या शाळेची खिडकी फुटली. दुसरा मायरामच्या कपाळावर बसला. गावाच्या आरोग्य समितीत बुरुलचाची जोडीदारीण ती. भिंतीला टेकून मटकन खाली बसली आणि बोटांच्या फटींतून रक्त गळू लागलं. आतल्या खोलीत गुलसुन ऑक्सिजनच्या मशीनवर होती. एवढ्या गोंगाटातही मशीनची घरघर चालूच होती.

"काढा ते मशीनचं भूत बाहेर!"

काठ्या, गवत उपसायची दाताळी घेऊन माणसं अंगणात शिरली. पुढे गुलसुनचा नवरा तुर्दाकुन. कालच त्यानं भावाला माती दिली होती. त्यानं कपाटातून फुंकायच्या नळ्यांचं खोकं ओढलं, जमिनीवर आपटलं आणि बुटांनी चिरडलं.

छातीतला दम मोजायच्या याच नळ्या घेऊन दर उन्हाळ्यात बुरुलचा, मायराम आणि शहरातली डॉक्टर कनिशाय घरोघर हिंडायच्या. गोवऱ्यांचा धूर बायकांच्या छातीचं काय करतो, ते शोधत. बायका गाल फुगवून फुंकायच्या, पोरं खिदळायची. साथ आली, नारिन शहराची वाट बंद होणार असं दिसलं, तेव्हा कनिशायनं हे मशीन आणि ऑक्सिजन मोजायला बोटाला लावायचे चिमटे पाठवले. रोज संध्याकाळी फोन करायची: कोणाला धाप लागलीय, सांग. मग गावात माणसं मरू लागली आणि कोणीतरी म्हणालं, नळी फुंकली ती घरंच मरतायत.

"माझा भाऊ खाल्लात, आता बायको देणार नाही!" तुर्दाकुननं बुरुलचाची वेणी धरून तिचं डोकं चौकटीवर आदळलं. "किती मिळाले गं आमच्या फुंकरीचे?"

"तुझी गुलसुन मशीनवर आहे म्हणून आहे रे! नळी काढलीस तर घरापर्यंत पोचायची नाही."

सप्पकन चाबूक तिच्या गालावर फुटला. म्हातारा सादिरबेक पुढे आला. जन्मभर घोडे वळलेला माणूस, कनिशायचा बाप.

"बास. माझ्या पोरीला फोन लाव. ती ठेव म्हणाली तर राहील. नाहीतर मीच फोडतो."

"ती वॉर्डात असते, अबाके," बुरुलचा म्हणाली; थोरल्या माणसाला तिथं असंच म्हणत. "फोन घेता—"

"रोज हेच! बापाचा फोन घ्यायला सवड नाही, आणि तुला मात्र निरोपावर निरोप! कनिशाय म्हणाली पालथं झोपवा, कनिशाय म्हणाली खिडक्या उघडा. मी काय सावत्र बाप लागून गेलो?"

कोणीतरी खिंकाळल्यासारखं हसलं. चाबूक पुन्हा बसला, या वेळी तोंडावर. ओठ फाटला.

गेल्याच्या गेल्या शुक्रवारी शहरातून कनिशायच्या वॉर्डातल्या सोबतिणीचा फोन आला होता. पुरलंसुद्धा तिला, ताई. घरच्यांना तूच सांग. पण चार माणसं जमायला बंदी. म्हाताऱ्याला दारात एकट्याला गाठून कसं सांगायचं? दंड कोण धरणार? आज जमतील, उद्या जमतील, म्हणत बुरुलचा थांबली. आणि काम थांबू नये म्हणून मेलेलीच्या तोंडून निरोप देत राहिली.

तुर्दाकुननं आतल्या दारावर लाथ घातली. बिजागरी उखडली. गुलसुन डोळे फाडून पाहत होती. बोलायला श्वास नव्हता, मानेनंच ती नको नको म्हणत होती. त्याचा हात तिच्या नाकावरच्या नळीकडे गेला.

बुरुलचानं अंगणाकडे पाहिलं. सगळं गाव होतं. बंदीनं जमू दिलं नव्हतं, ते रागानं जमवलं होतं.

"तुर्दाकुन, सोड ती नळी. इकडे ये. अबाकेंचा उजवा दंड धर."

"काय?"

"धर म्हणते ना! आणि कोणीतरी डावा धरा. दंड धरा त्यांचे!"

काठ्या खाली आल्या. दंड धरणं म्हणजे काय, ते तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तुर्दाकुनचा हात चटका बसल्यासारखा नळीवरून सुटला. तो आला. दुसऱ्या बाजूनं शेजारी आला.

"मला का धरताय रे? सोडा! मी काय—" सादिरबेकनं हिसका दिला, मग दंड धरलेल्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं. चाबूक हातातून सुटून पडला.

बुरुलचानं बाहीनं रक्त पुसलं. चारचौघांत ती कधी गायली नव्हती.

"धुराच्या घरांत जिनं वाट दाविली,
परक्याच्या श्वासाशी जी जागत बसली,
तिची फुंकर, अबाके, वाटेत विझली."

म्हातारा खाली जाऊ लागला. धरणाऱ्यांनी पडू दिलं नाही.

"कनिशाय गेली, अबाके," ती म्हणाली. "निरोप माझे होते. शिकवलेलं तिचं."