लाल गॅलरीतली आई

पाहुण्या संघाच्या बाजूची तिकिटं कधीच संपली होती, म्हणून मिसाओला यजमानांच्या लाल गॅलरीत बसावं लागलं होतं. तिचा तोमोया आज बेसबॉलच्या मोठ्या मैदानात पहिल्यांदाच चेंडू टाकत होता, तोही या सगळ्या लाल कपड्यांतल्या माणसांच्या लाडक्या संघाविरुद्ध. करडा स्वेटर घालून ती अंग चोरून बसली होती. आपण कोण, हे इथं कुणाला कळू नये.

ढोल आणि बिगुल घुमत होते. दर फलंदाजाचं वेगळं गाणं, आणि ते सगळ्यांना पाठ.

"अगं, मिठाची गुळणी धरून काय बसलीस? गा की!" शेजारच्या यासुए आजींनी उकडलेल्या शेंगांचा डबा पुढे केला. "ओनिझुका आलाय. त्या नव्या पोराला कसा सोलून काढतो बघ."

"मला शब्द येत नाहीत, आजी."

तेवढ्यात तोमोयाच्या हातून चेंडू निसटला. हेल्मेट फुटल्यासारखा आवाज झाला. ओनिझुका आडवा पडला आणि बिगुलाचा सूर मध्येच तुटला.

मग मागून एकजण ओरडला, "मुद्दाम मारला हरामखोरानं! हाकला त्याला!" सगळी गॅलरी खवळली. तोमोया टोपी काढून कमरेत वाकला होता, मान वर करत नव्हता. चेंडू डोक्याला लागला की तो टाकणारा पिचर सामन्याबाहेर, हा नियमच. प्रशिक्षकानं त्याला दंडाला धरून तसंच आत नेलं.

ओनिझुका हलत नव्हता. हा उठलाच नाही तर? माझ्या पोराच्या हातून...

पुढे उभं राहून गाणी म्हणवून घेणाऱ्या म्होरक्यानं पांढरे हातमोजे वर केले. ओरडा थांबला. ढोलाशिवाय, टाळ्यांशिवाय, लोक हळू आवाजात ओनिझुकाचं गाणं म्हणू लागले. मिसाओ उठून उभी राहिली. आजींच्या ओठांकडे बघत, एकेक शब्द मागून जुळवत तीही गाऊ लागली. ऊठ रे बाबा. ऊठ.

त्याचा गुडघा हलला. तो उठून बसला. स्ट्रेचरवर घालून नेताना त्यानं एक हात वर केला आणि गॅलरी दणाणली. मिसाओ मटकन खाली बसली. हुंदके आवरेनात.

"अगं, उठला ना तो! मग आता?" आजींनी तिच्याकडे निरखून पाहिलं. मग आवाज खाली आणला. "तो पोरगा... तुझा कोण?"

"मुलगा."

मागचा माणूस अजून शिव्या घालत होता. मिसाओ उठायला लागली, तसं आजींनी तिचं मनगट धरलं.

"आत्ता गेलीस तर सगळे बघतील. बस." गळ्यातला लाल टॉवेल काढून त्यांनी तिच्या खांद्यावर टाकला. "रड खुशाल. कुणी विचारलं तर सांग, ओनिझुकासाठी रडतेय."

संध्याकाळी स्टेशनवर लोक फोनवर बातमी वाचत होते : ओनिझुका शुद्धीवर आहे, डॉक्टरांनी ठेवून घेतलंय. तोमोया फोन उचलत नव्हता. शेवटी उचलला.

"आई, तो उठला होता का गं? मी बघितलंच नाही."

"उठला. हातसुद्धा वर केला."

"तू पाहिलंस? स्वतः?"

"पाहिलं रे."

मग त्यानं पुन्हा तेच विचारलं.