पाच ठिपक्यांपर्यंत

कुरुळीतली निम्मी माणसं उद्धवरावांनी लहानपणी डोहात ढकललेली. ढकललेली सगळी हातपाय मारत वर आली आणि आता त्यांनाच काका म्हणून रामराम घालतात. राहिली होती एकटी नात. ओवी, नऊ वर्षांची, चिखलीला सातव्या मजल्यावर राहणारी. एक मेपासून सोसायटीच्या पोहायच्या टाकीत, शिट्टीवाल्या सरांकडं तिचं नाव घातलेलं होतं.

"शिट्टीवर कुनी पवतं का?" उद्धवराव म्हणायचे. "शिट्टीवर टेम्पो मागं घेत्यात."

त्यांना तिला सरांच्या आधी शिकवायचं होतं. पण डोहाच्या काठावर लाल झेंडा होता, आणि तो झेंडा पद्मजाचा होता.

पद्मजा चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला. आठवडाभर ती सुट्या भागांतल्या खोडी काढायची आणि रविवारी, सुट्टी म्हणून, नदीतल्या. तिच्या पाच-सात जणांच्या गटाचं काम साधं होतं. डोहाचं पाणी बाटलीत आणायचं, त्यातलं पाव चमचा औषधी चकतीवर सोडायचं आणि चकती एक दिवस उबेला ठेवायची. पाण्यात मैल्याचे जंतू असले की चकतीवर निळे ठिपके उगवतात. पाच ठिपक्यांपर्यंत पोहायला हरकत नाही. सहावा आला की लाल. आणि हिरवा झेंडा लागायचा तर सलग तीन रविवार पाचापर्यंतच.

उबेची पेटी म्हणजे थर्माकोलचं खोकं आणि आत एक दिवा. ती उद्धवरावांच्या घरी, ओट्याखाली. त्यांच्या मंडळी सुमनताई येता-जाता झाकण उचलून बघायच्या आणि पोळ्या लाटता लाटता गुणगुणायच्या:

*पेटीमंदी दिवा जाळी,*
*नदीबाई लेकुरवाळी,*
*किती पिल्लं निळी निळी*
*देशील गं?*

"देऊ नगं म्हन की!" उद्धवराव खेकसायचे. "पिल्लं मागतीया!"

पाणी भरायचं काम त्यांनी स्वतःकडं घेतलं होतं. पहिल्या रविवारी दोन ठिपके आले. दुसऱ्या रविवारी एकही नाही. तिसऱ्या रविवारी एक. पद्मजानं चष्मा पुसून पुन्हा मोजला.

"काका, कंपनीत इतका चांगला रिझल्ट आला की मी आधी मशीनवर संशय घेते."

"मशिनीवर घे. नदीवर नगं."

मार्चच्या शेवटच्या रविवारी, हिरवा झेंडा लागणार म्हणून, डोहावर जत्राच भरली. ओवी रबरी टोपी आणि गॉगल लावून चिखलीपासूनच तशी आली होती. रिक्षावाला म्हणे वळून वळून बघत होता. कंपनीत सेकंड शिफ्ट करणारा लातूरचा धनेश हिरवा झेंडा काठीला बांधून तयार. पद्मजानं मोबाईल धरला. "काका, दर रविवारी घेता तसंच पाणी घ्या. नवीन लोकांना दाखवायला व्हिडिओ करते."

उद्धवरावांनी धोतर खोचलं आणि डोहाकडं पाठ करून वाळूत बसले. हातानं वाळू उकरली. वीतभर, मग हातभर. खड्ड्यात पाणी पाझरलं. पहिल्या चार ओंजळी त्यांनी उपसून टाकल्या, पाणी निवळू दिलं आणि मग बाटली अलगद बुडवली.

मोबाईल धरलेला पद्मजाचा हात खाली आला. "हे काय?"

"झिरा."

"तिन्ही वेळा इथूनच?"

"मग? तूच म्हनालीस न्हवं, घरी प्यायला भरता तसं नीट भरा. नदीचं प्यायचं पानी झिऱ्यातनंच भरत्यात. आमची आई तसंच भरायची. वरचं पानी गुरांना."

पद्मजा तिथंच वाळूत बसली. महिनाभर तिनं नदी तपासली नव्हती. नदीनं वाळूतून गाळून दिलेला प्रसाद तपासला होता.

ओवीनं खड्ड्यात डोकावून पाहिलं. "आजोबा, मी यात मावणार नाही."

सगळे हसले. उद्धवरावही हसले, आणि मधेच थांबले.

"ताई, लावू का नको?" धनेशनं विचारलं. "हात दुखालाय माझा."

"लाव रे," मागून कुणीतरी म्हणालं. "पोरगी तयार होऊन आलीय, राव. एक दिवसानं काय होतंय?"

सगळे उद्धवरावांकडं बघत होते. डोह पसरला होता, गप्प, हिरवा, ओळखीचा. ओवीनं नाकाला चिमटासुद्धा लावला होता. उद्धवरावांनी बाटली वाळूत रिकामी केली, धोतरासकट डोहात मांडीभर शिरले आणि मधलं पाणी भरून आणलं.

"गुंडाळ तो झेंडा, धनेश."

दुसऱ्या दिवशी पद्मजा साठपर्यंत मोजून थांबली. "काका, पुरे आता."

"मोज. समदे मोज."

एकशे अठरा. सुमनताईंनी त्या दिवशी पोळ्या मुक्यानंच लाटल्या. संध्याकाळी ओवीचा फोन आला. "मग मी शिट्टीवाल्या सरांकडंच जाऊ?"

"दम धर. मे लागलाय व्हय अजून?"

मग उद्धवराव पद्मजाच्या स्कूटीवर मागं बसले, मांडीवर बाटल्यांची पिशवी, आणि दोघं पाण्याच्या उगमाकडं निघाली. पुलाच्या वरच्या अंगाला चकतीनं नव्वद दाखवले. गावओढा नदीला मिळतो तिथं एक्केचाळीस. ओढ्याकाठानं वर, शेवटच्या घराच्याही पलीकडं, करंजाच्या झाडाखाली तीन.

"तीन!" उद्धवराव पेटीपुढं उकिडवे बसून ओरडले. "सुमन, तीन!"

"एका वेळेचं धरत नाही," पद्मजा म्हणाली. "आता तीन रविवार. आणि काका, वाळूला हात लावायचा नाही."

पहिल्या रविवारी तीनच. दुसऱ्या रविवारी चार. तिसऱ्या रविवारचं पाणी सोमवारी उघडलं तेव्हा एप्रिलचे थोडेच दिवस उरले होते. पद्मजानं भिंग लावलं. पाच. आणि कडेला एक पुसट डाग.

"त्यो ठिपका न्हाई," सुमनताई लगबगीनं म्हणाल्या. "त्यो चहा हाय. माझ्या हातनं सांडला."

"चकतीच्या आत?"

"मोठा कप व्हता."

पद्मजानं चकती उजेडाला धरून फिरवली. डागाच्या जागी हवेचा बुडबुडा निघाला. "पाच," ती म्हणाली. "पाचापर्यंत चालतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्यावर हिरवा झेंडा लागला. पाणी गुडघ्याएवढं. ओवी मधोमध उभी राहिली आणि तिचं तोंड पडलं.

"आजोबा, इथं बुडायलासुद्धा जागा नाही!"

"पवायला आडवं व्हावं लागतं. आडवं व्हायला जागा हाय का न्हाई?"

दुखरे गुडघे सांभाळत उद्धवराव पाण्यात बसले आणि तिच्या पोटाखाली तळहात धरला. ओवीनं पाय झाडले. काठावरची पद्मजा चिंब झाली आणि करंजावरचे दोन बगळे उठून गेले.

"आता हात काढा आजोबा! काढा ना!"

"कवाच काढलाय."

ओवी किंचाळली, आणखी जोरात पाय मारायला लागली. "आई गं, मी पोहतेय! पद्मजाताई, बघ, मी पोहतेय!"

पद्मजानं नितळ पाण्यातून खाली पाहिलं. हात तिथंच होता, पाची बोटं पसरून. तिनं ओवीकडं बघून टाळ्या वाजवल्या.