बिनपुलाचं घुबड

भिंगरीने कटरचं शेवटचं वळण घेतलं, प्लास्टिकच्या दोन्ही शीट ऐटीत उचलल्या आणि घुबडाचे डोळे टपकन टेबलावर पडले.

एक फाटली तर दुसरी हाताशी असावी म्हणून एकावर एक ठेवून कापलेल्या शीट, त्यामुळे डोळेही चार. उरलं ते घुबडाच्या आकाराचं नुसतं भोक.

"अरे वा!" मामाने चष्मा कपाळावर सरकवला. "बटाट्याला कान फुटले!"

मामा आयुष्यभर खोक्यांवर नंबर आणि बाण मारत आला होता. स्टेन्सिल ठेवायची, स्पंजाने रंग थोपटायचा, उचलायची. त्याच्या हाताखाली भिंगरी सुट्टीभर रंग ढवळत होती. कटर आज पहिल्यांदाच मिळाला होता, आणि पोरीने सकाळीच छाती पुढे काढून जाहीर केलं होतं, "माझ्या घुबडाला पूल नसणार!"

पूल म्हणजे मधला तुकडा बाहेरच्या शीटला धरून ठेवणारी बारीक पट्टी. भिंगरीला ते पूल मुळीच आवडायचे नाहीत. सगळं कसं तुटक तुटक! पण पूल नाही तर मधला तुकडा धरणार कोण, हा विचार मात्र उत्साहाच्या भरात राहूनच गेला.

दारात ताई उभी. ताई म्हणजे शाळेच्या टीमची गोलकीपर. चष्म्याच्या जाड भिंगांमुळे समोरच्या टीमच्या मुली तिला 'घुबड' म्हणून चिडवायच्या. मग आख्ख्या टीमने ठरवलं, फायनलला छातीवर घुबडच मिरवायचं. अकरा पिवळे शर्ट इस्त्री करून तयार होते. मॅच चारला, आणि आत्ता वाजले होते एक.

"आंधळं घुबड घालून खेळू का आता?" ताईचा आवाज चिरकला. "त्या आम्हाला हसून हसून मारतील गं!"

"पट्ट्या चिकटव आणि मोकळी हो," मामा म्हणाला.

भिंगरीने चिकटपट्टीचे पूल लावून रद्दीवर एक छाप मारून बघितला. डोळ्यांवर आडव्या उभ्या रेघा. घुबड तुरुंगातून बघत होतं.

"नाही! अजिबात नाही!" भिंगरी केवढ्याने ओरडली. पूल हवा, पण दिसायला नको. इतका बारीक, की रंग त्याच्या खालून दोन्हीकडून येऊन मिळेल. इतका बारीक म्हणजे... तिने ताईच्या शर्टाच्या बटणाकडे बघितलं आणि टुणकन उडी मारली. "दोरा! मामा, शिवणाचा दोरा!"

"दोरा रंगात सरकेल, बाई."

"दोन शीट आहेत ना! मधे दाबते!"

मग काय विचारता! ताईने दोरे ताणून धरले, भिंगरीने खालच्या शीटला डिंक लावला, डोळे जागच्या जागी बसवले, वरून दुसरी शीट, त्यावर दुसरे डोळे. दोरे मधोमध अडकले, अगदी गच्च. वाळेपर्यंत भिंगरीने पुठ्ठ्याने इतका वारा घातला की मामाची रद्दी खोलीभर उडाली.

दोन वाजता पहिला शर्ट. स्पंज टप टप टप. भिंगरीने श्वास रोखून शीट उचलली.

निळंशार घुबड! गोल, पिवळे, टक लावून बघणारे डोळे आणि एकही रेघ नाही!

"अगंऽऽ!" ताईने तिला उचलून गरागरा फिरवलं. "हे तर माझ्यापेक्षा छान दिसतंय!"

मामा चष्मा नाकावर ओढून वाकला. शर्टावर नाक टेकवून दोऱ्याची खूण शोधत राहिला. सापडेना. पुन्हा शोधली. मग भिंगरीने दुसरा शर्ट पसरला तसा तो हळूच तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"सरक जरा. हा मला मारू दे."

भिंगरीने स्पंज त्याच्या हातात दिला, पण शीटवरचा हात काही काढला नाही.

"हळू हं मामा. थोपटायचं, घासायचं नाही. दोरा तुटला तर बघ!"

"बरं, बाईसाहेब," मामा म्हणाला, आणि जीभ दातांत धरून, अगदी जपून, थोपटायला लागला.